पोलादावरचे मुकुट आणि गरुड

वाण्याच्या दुकानातले एखादे लोखंडी वजन उलटे करून पाहा. तळाशी एक खळगा असतो, त्यात शिसे ओतलेले असते आणि त्या शिशावर बारीक ठसे उमटवलेले असतात. वजनमापे खात्याचा निरीक्षक ठरावीक मुदतीने वजन तपासतो आणि ते बरोबर भरले तर वर्षाची व तिमाहीची खूण मारतो. जुन्या वजनावर अशा खुणांची दाटी झालेली असते. वजन कोणत्या साली ओतले हे या खुणा सांगत नाहीत. ते केव्हा तपासले गेले आणि मान्य झाले, एवढेच त्या सांगतात.

तपासणीची खूण आणि निर्मितीची खूण यांतला हा फरक ऐकताना अगदी साधा वाटतो. पण इतिहासाची साधने वाचताना तो भल्याभल्यांच्या हातून निसटतो. तो नीट समजून घ्यायचा तर एका फार वेगळ्या वस्तूकडे जाऊ. ती म्हणजे पहिल्या महायुद्धातले जर्मन लष्करी पिस्तूल. ही पिस्तुले एकदा बनली आणि संपली असे झाले नाही. युद्धानंतर त्यांच्या नळ्या बदलल्या, भाग अदलाबदल झाले, ती दुसऱ्या खात्यांकडे गेली, नव्या नियमांखाली पुन्हा तपासली गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी ठसा मारला. एका वितीएवढ्या पोलादावर चार-चार राजवटींच्या खुणा सापडतात, आणि त्या वाचणे हे एखाद्या ताम्रपटाच्या वाचनाइतकेच कसोटीचे काम आहे.

चाचणीचा बार

मुळात बंदुकीवर ठसा मारायची गरज का पडली? नळी बाहेरून कितीही सुबक असली तरी पोलादाच्या पोटात एखादी चीर किंवा पोकळी असू शकते. बार उडाला की ती नळी उडवणाऱ्याच्याच हातात फुटते. यावर युरोपातल्या कारागीर शहरांनी एक रांगडा पण बिनतोड उपाय काढला. नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरायचा, माणसाने लांब उभे राहून तो उडवायचा, आणि नळी शाबूत राहिली तर तिच्यावर ठसा मारायचा. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बेल्जियममधल्या लिएझ शहरात १६७२ साली तशी आज्ञा निघाली.

या चाचणीत नेमके काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ९ मिलिमीटरच्या पॅराबेलम काडतुसासाठी आजच्या युरोपीय प्रमाणानुसार कमाल दाब २३५० बार धरतात. एक बार म्हणजे सुमारे एका वातावरणाचा दाब. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एका बारने जास्त असतो. आता गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ काढा. त्रिज्या ०.४५ सेंटिमीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौरस सेंटिमीटर. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० न्यूटन. गुणाकार केला की जवळजवळ १५,००० न्यूटन येतात, म्हणजे दीड टन वजनाइतके बल! ते एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतबाहेर टिकते, पण पोलादाला ते सोसावे लागतेच. चाचणीच्या काडतुसात दाब ३० टक्क्यांनी जास्त ठेवतात, म्हणजे ३०५५ बार.

जास्त का? पोलाद ठरावीक मर्यादेपर्यंत रबरासारखे वागते. ताण काढला की मूळ आकारात परत येते. मर्यादा ओलांडली की परत येत नाही. चाचणीनंतर तपासनीस हेच पाहतो, की नळी कुठे फुगली का, कुठे चीर पडली का, काडतूस बसते ती जागा सैलावली का. ठशाचा अर्थ मग इतकाच होतो: त्या दिवशी, त्या भागांनी, एवढा दाब सोसला. पुढे नळी बदलली तर जुन्या चाचणीचा नव्या नळीशी काही संबंध उरत नाही. म्हणूनच ज्या भागावर स्फोटाचा भार येतो तो बदलला की पुन्हा चाचणी आणि पुन्हा ठसा, असा नियम झाला. दुरुस्त केलेल्या पिस्तुलावर ठशांची गर्दी होते ती यामुळे.

जर्मनीत सर्व देशाला लागू होणारा चाचणीचा कायदा १९ मे १८९१ रोजी झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून अमलात आला. त्यातले ठसे म्हणजे मुकुट आणि त्याखाली एक अक्षर. मुकुटाखाली बी म्हणजे 'बेशुस', चाचणीचा बार झाला. यू म्हणजे 'उंटरझूखुंग', तपासणी झाली. जी म्हणजे 'गेत्सोगेन', नळीत आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या आहेत. व्ही हे अक्षर मला फार उद्बोधक वाटते. 'फोरराट' म्हणजे शिल्लक साठा. कायदा आला तेव्हा जी शस्त्रे आधीच बनून दुकानांत पडली होती त्यांच्यावर हा ठसा मारला. म्हणजे हा ठसा स्वतःच सांगतो की वस्तू माझ्यापेक्षा जुनी आहे. पुढे बिनधुराची दारू सर्वत्र रुळल्यावर, १९११-१२ च्या सुमारास, पिस्तुलांवर मुकुटाखाली एन हा ठसा येऊ लागला. एन म्हणजे नायट्रो.

सैन्याचे ठसे वेगळे

आता आपले पिस्तूल हातात घेऊ. ह्युगो बोर्खार्ट याच्या १८९३ च्या रचनेत सुधारणा करून जॉर्ज लूगर याने ते घडवले. स्वित्झर्लंडने ते १९०० साली स्वीकारले, जर्मन नौदलाने १९०४ साली आणि जर्मन भूसेनेने १९०८ साली. भूसेनेतले त्याचे नाव त्या वर्षावरूनच पडले, पी ०८. बर्लिनचा डीडब्ल्यूएम हा कारखाना आणि एरफुर्ट येथील सरकारी शस्त्रशाळा ही युद्धकाळातली त्याची दोन प्रमुख उगमस्थाने.

सैन्यासाठी बनलेल्या शस्त्रांना १८९१ चा कायदा लागू नव्हता. सैन्य स्वतःचे तपासनीस कारखान्यात बसवत असे. म्हणून अस्सल लष्करी पी ०८ वर मुकुट-बी, मुकुट-यू नसतात. उजव्या अंगाला मुकुटाखाली जुन्या वळणाची जर्मन अक्षरे दिसतात. ही त्या त्या तपासनिसाच्या आडनावाची आद्याक्षरे मानली जातात आणि ती बनावटीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पडलेली असतात. त्यांच्या शेजारी पंख पसरलेला छोटा गरुड असतो. लष्करी चाचणीचा बार झाल्याची ती खूण. तोच गरुड नळीवर आणि मागच्या ठोकळ्यावरही असतो, कारण भार या तिघांवर येतो.

याखेरीज १९१० पासून काडतूस बसते त्या जागेच्या माथ्यावर वर्ष घालू लागले. नळीच्या खालच्या बाजूला पिस्तुलाचा क्रमांक असतो आणि '८,८२' किंवा '८,८३' असा एक आकडा. पहिल्यांदा पाहणारा याने चक्रावतो. जर्मन लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात. हा नळीच्या आतला व्यास आहे, ८.८२ मिलिमीटर, प्रत्यक्ष मोजून घातलेला. मुठीच्या पुढच्या पट्टीवर कधी कधी पलटणीची खूण असते. उदाहरणादाखल '७५. आर. ५. २०.' असे असेल तर ७५ वी पायदळ रेजिमेंट, ५ वी कंपनी, २० वे हत्यार.

क्रमांकातही एक गणित दडलेले आहे. दर वर्षी क्रमांक १ पासून सुरू होई. दहा हजार झाले की पुन्हा १ पासून, पण शेवटी ए हे अक्षर लावून, मग बी, मग सी. तेव्हा '१९१७' हे वर्ष आणि '४३२१ ई' हा क्रमांक दिसला तर त्या कारखान्याच्या त्या वर्षाच्या मालिकेत हे कितवे पिस्तूल? ई हे पाचवे अक्षर. त्याआधी बिनअक्षरी गट धरून पाच गट, म्हणजे ५०,००० पिस्तुले होऊन गेली. उत्तर ५४,३२१. नुसता '४३२१' हा आकडा सांगून काहीच कळत नाही. वर्ष, क्रमांक आणि अक्षर, तिन्ही हवीत.

लहान भागांवर, अगदी चापावर आणि खिटीवरसुद्धा, क्रमांकाचे शेवटचे दोन अंक असतात. आपल्या उदाहरणात सगळीकडे २१ असायला हवेत. एखाद्या भागावर ६८ दिसले की तो दुसऱ्या पिस्तुलातून आला हे उघड. उलट, परका भाग योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? शंभरात एक. तीन परके भाग एकाच वेळी योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. संभाव्यता शिकवायला याहून ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण.

क्रमांकाची ताकद आपल्या इतिहासातही एकदा दिसली आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. ती लष्करी नव्हती, जर्मनीहून आलेला व्यापारी माल होता. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची यादी कंपनीच्या वहीत होती. पुढे कुठे माउझर सापडले की पोलीस ते त्या यादीशी ताडून पाहत. ठसा असतो वस्तूवर, पण त्याला अर्थ येतो कुठेतरी ठेवलेल्या वहीमुळे. वही हरवली की ठसा मुका होतो आणि मग इतर खुणांवरून अनुमान करावे लागते. आपल्यापुढचे काम बहुधा असेच असते.

दोन वर्षे एकाखाली एक

समजा आपल्या नमुन्याच्या माथ्यावर '१९१७' आहे आणि त्याच्याच वर '१९२०' असा दुसरा आकडा आहे. पिस्तूल दोनदा बनले का? नाही. याचे उत्तर कारखान्यात मिळत नाही. ते कायद्यात मिळते.

जर्मनी हरली. ९ नोव्हेंबर १९१८ ला बादशहाचा पदत्याग जाहीर झाला. व्हर्सायच्या तहाने नव्या प्रजासत्ताकाचे सैन्य एक लाखावर आणून ठेवले. तोवर लाखो सैनिक हत्यारांसकट घरी परतले होते आणि रस्त्यांवर सशस्त्र टोळ्या फिरत होत्या. ७ ऑगस्ट १९२० ला जनतेकडची लष्करी शस्त्रे जमा करून घेण्याचा कायदा झाला. आता प्रश्न असा, की कोणते पिस्तूल सरकारी आणि कोणते लपवलेले, हे ओळखायचे कसे? दिसायला दोन्ही एकसारखीच. म्हणून सैन्याच्या व पोलिसांच्या ताब्यात रीतसर असलेल्या शस्त्रांवर '१९२०' हा आकडा मारला गेला. ते वर्ष बनावटीचे नव्हतेच, ती मालकीची खूण होती. जुनी पलटण-खूण असेल तर बऱ्याचदा तिच्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवी खूण घातलेली दिसते.

इथे एक फसवी जागा आहे. १९२० व १९२१ साली थोडी नवी पिस्तुलेही तयार झाली आणि त्यांच्यावर त्या सालाचा एकच आकडा आहे. तेव्हा दुहेरी आकडा असेल तर अर्थ स्पष्ट, एकटाच '१९२०' असेल तर इतर ठसे पाहिल्याशिवाय बोलू नये.

झिमसन

या काळात नवी शस्त्रे कुणी बनवायची यावरही विजेत्या राष्ट्रांचे बंधन होते. मोठे कारखाने बाजूला ठेवून थुरिंजिया प्रांतातल्या झूल गावच्या झिमसन कंपनीला सैन्यासाठी पी ०८ बनवण्याचा आणि जुनी दुरुस्त करण्याचा मक्ता मिळाला. झूल हे पिढ्यान् पिढ्या बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. लोब आणि मोझेस या झिमसन बंधूंनी १८५६ साली तिथे ही कंपनी काढली होती. आमच्या नमुन्यावर नळी नवी असेल तर तिच्यावर मुकुटाखालचे अक्षर सापडणार नाही, कारण मुकुट गेला होता. त्याऐवजी गरुड आणि त्याखाली ६ हा आकडा दिसेल. हा झिमसनकडच्या लष्करी तपासणीचा ठसा. म्हणजे १९१७ च्या देहाला विसाच्या दशकातली नळी.

झिमसन कुटुंब ज्यू होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर सैन्याचा शस्त्रपुरवठा एका ज्यू कंपनीकडे असणे नाझींना खुपू लागले. थुरिंजियाचा नाझी प्रमुख फ्रिट्झ झाउकेल याने सरकारकडून अवाजवी नफा उकळल्याचा आरोप पुढे करून १९३५-३६ मध्ये कंपनी बळकावली. कुटुंबाला देश सोडावा लागला. कारखान्याचे नाव बदलले आणि तो गुस्टलोफ या नाझी उद्योगसमूहाचा गाभा बनला. या समूहाने युद्धकाळात बुखेनवाल्ड छळछावणीच्या शेजारी कारखाना उभारून कैद्यांना कामाला जुंपले. झाउकेलला युरोपभरच्या वेठबिगारीबद्दल न्युरेंबर्गच्या खटल्यात दोषी ठरवून १९४६ मध्ये फाशी देण्यात आली.

झिमसनचे नाव कारखान्याच्या दारावरून पुसले गेले, पण त्यांच्याकडे दुरुस्त झालेली पिस्तुले सैन्यात आणि पोलिसांत वापरात राहिली. ज्या राजवटीने त्यांना घालवले तिच्याच शिपायांच्या कमरेला गरुड-६ चा ठसा लटकत होता. ठसा मात्र यातले काही सांगत नाही. तो फक्त नळी तपासली एवढेच सांगतो. बाकीचे कागदपत्रांतून आणावे लागते.

काही ठसे तर कळू नये म्हणूनच मारलेले असतात. १९३४ साली ओबर्नडोर्फच्या माउझर कारखान्यातून बाहेर पडलेल्या पी ०८ वर कारखान्याचे नाव नाही, 'एस/४२' असा संकेत आहे. वर्षाच्या जागी 'के' आहे. १९३५ साठी 'जी'. तहाच्या बंधनांपेक्षा किती जास्त माल निघतो आहे हे परदेशी डोळ्यांना कळू नये, हा हेतू. मार्च १९३५ मध्ये जर्मनीने तहातली लष्करी कलमे उघडपणे झुगारली आणि १९३६ पासून पुन्हा सरळ वर्ष लिहिलेले दिसते. राजकारणातले वळण असे एका आकड्यात उतरते.

मुकुट कुणाचा?

आता सर्वांत जास्त फसवणारी खूण. आपल्या नमुन्यावर लष्करी ठशांखेरीज मुकुट-एन हा व्यापारी ठसाही आहे असे समजा. बरेच जण लगेच निष्कर्ष काढतात, मुकुट आहे तेव्हा १९१८ च्या आधीचा. हे चुकीचे आहे. बादशहा गेला, पण १८९१ चा चाचणी कायदा रद्द झाला नव्हता. कायद्यात ठशाचे चित्र मुकुटाचे होते, म्हणून चाचणीघरातले लोक प्रजासत्ताकातही मुकुटच मारत राहिले आणि नाझी काळातही. नवा कायदा ७ जून १९३९ ला झाला आणि १ एप्रिल १९४० पासून अमलात आला, तेव्हा कुठे मुकुट-एन जाऊन गरुड-एन आला. सिंहासन रिकामे झाल्यावर एकवीस वर्षांहून अधिक काळ मुकुट पोलादावर उमटतच होता. सरकारी कचेरीत जुनी छापील कागदपत्रे संपेपर्यंत वापरतात त्यातला हा प्रकार नव्हे. इथे कायद्यालाच मुकुट हवा होता.

सैन्याच्या तपासनिसांचे मुकुट मात्र साम्राज्याबरोबर गेले. एकाच देशात, एकाच वेळी, एका खात्याने मुकुट टाकला आणि दुसऱ्याने ठेवला. तेव्हा 'मुकुट म्हणजे बादशाही' हे सूत्र चालत नाही. आधी विचारायचे, हा ठसा कोणत्या कचेरीचा?

मग लष्करी पिस्तुलावर व्यापारी मुकुट-एन कशाला? लष्करी असताना त्याला हा कायदा लागू नव्हता. सैन्याने काढून टाकल्यावर ते नागरी बाजारात विकायला आले, तेव्हा कायदा लागू झाला. आपल्या नमुन्यावरचा मुकुट-एन म्हणजे सैन्यातून बाहेर पडल्याची जणू नोंद. आणि तो १९४० पूर्वीचा, हेही नक्की. पुरातत्त्वात थरांवरून जसा 'याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही' असा कालखंड ठरवतात, तसाच हा प्रकार.

गरुडानेही घोटाळे केले आहेत. साम्राज्याच्या सैन्याचा गरुड, प्रजासत्ताकाचा गरुड, नाझींचा गरुड आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या चाचणीघरांचा गरुड. पंखांची ठेवण निराळी, पण झिजलेल्या ठशात ती ओळखताना भिंगही दमते. सुदैवाने पश्चिम जर्मनीच्या ठशात चाचणीघराची खूण शेजारी असते. उल्मचे हरणाचे शिंग, बर्लिनचे अस्वल. वर्षही असते, कधी दोन अंकांत, कधी दोन अक्षरांत. अक्षरांची किल्ली सोपी आहे. ए म्हणजे ०, बी १, सी २, डी ३, ई ४, एफ ५, जी ६, एच ७, आय ८ आणि के ९. जे हे अक्षर वगळले आहे. तेव्हा शिंगाशेजारी 'एचएफ' दिसले तर ७५, म्हणजे १९७५ साली उल्मला त्याची चाचणी झाली. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या पिस्तुलाने पुन्हा एकदा जोराचा बार सोसला.

आणि आणखी एक मुकुट आहे, तो जर्मन नव्हेच. ब्रिटिश सैनिकांनी युद्धातून घरी नेलेली अशी पिस्तुले पुढे ब्रिटनमध्ये विकली गेली तेव्हा तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांची चाचणी झाली. बर्मिंगहॅमच्या ठशातही मुकुट आणि अक्षरे आहेत. सोबत बरेचदा 'इंग्रजी बनावटीचे नाही' अशा अर्थाचे शब्दही कोरलेले असतात. १९२५ च्या तिथल्या नियमांत ही सक्ती होती. एकाच नळीवर बर्लिनचा गरुड, जर्मन मुकुट आणि ब्रिटिश मुकुट शेजारी शेजारी बसलेले पाहणे मोठे गमतीचे असते.

पोलादाची साक्ष

ठसे खोटेही मारता येतात. दुर्मिळ ठसा असला की संग्राहक जास्त पैसे मोजतात, आणि पैसे आले की पंच आणि हातोडी घेऊन बसणारेही आले. म्हणून ठशाच्या चित्राइतकेच त्याच्या आसपासच्या धातूकडे पाहावे लागते.

पंच मारला की पोलाद नाहीसे होत नाही. ते बाजूला सरकते. म्हणून ताज्या ठशाच्या कडेला बारीक वरंबा उठतो. दुरुस्तीच्या वेळी पिस्तूल घासून नव्याने रंगवले असेल तर आधीच्या ठशांचे वरंबे सपाट झालेले असतात आणि नंतरच्यांचे शाबूत असतात. रंग दिल्यावर ठसा मारला असेल तर कडेचा रंग उडून उजळ कड दिसते. आधी मारला असेल तर ठशाच्या पोटातही तोच निळसर काळा रंग असतो. '१९१७' चे वरंबे टोकदार आणि '१९२०' चे झिजलेले असे कुठे दिसले, तर काहीतरी गडबड आहे.

नळी बदलली का हे पाहायची आणखी एक साधी खूण आहे. नळी देहात पुरती आवळून झाली की कारागीर दोघांच्या सांध्यावर छिन्नीचा एकच घाव घालत असे. एका घावाची अर्धी रेघ नळीवर, अर्धी देहावर. नवी नळी बसवली की रेघ जुळत नाही, किंवा देहावर दोन रेघा दिसतात. जुन्या करारपत्रांचे दोन तुकडे जुळवून खरेखोटे करत, त्याच जातीची ही युक्ती.

रंगही बोलतो. जुन्या पी ०८ चे चाप, खिटी असे काही लहान भाग गवती पिवळ्या रंगाचे असत. हा रंग लावलेला नसतो. पोलाद सुमारे २३० अंश सेल्सिअसला तापवले की त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर येतो आणि प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे तो पिवळा दिसतो. तीनशेच्या आसपास निळा होतो. साबणाच्या फुग्यावरच्या रंगांचाच हा भाऊ. विळ्याला पाणी देताना आपला लोहार याच रंगांवर नजर ठेवून असतो. माउझरने १९३७ मध्ये रंग देण्याची पद्धतच बदलली आणि तापलेल्या क्षारांच्या द्रावणात भाग बुडवू लागले. तेव्हापासून चाप, खिटीही निळसर काळ्या दिसू लागल्या. १९१७ च्या देहावर असा रंग असला तर तो नंतर दिलेला, हे ठसा न वाचताही कळते.

आणि ठसा कानसीने पार घासून टाकला असेल तर? तरीही सगळे संपत नाही. पंचाच्या घावाने ठशाच्या खालच्या पोलादाची स्फटिकरचनाही दबलेली असते, ठसा दिसतो त्याहून खोलवर. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर योग्य आम्लद्रावण लावले तर दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने गंजतात आणि गेलेला आकडा काही काळ पुन्हा दिसतो. आडोल्फ फ्राय या जर्मन धातुतज्ज्ञाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रुप कारखान्यात पोलादातले दाबलेले पट्टे दाखवण्यासाठी क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण वापरले. चोरीच्या मोटारींचे आणि शस्त्रांचे खोडलेले क्रमांक उघड करायला न्यायवैद्यक प्रयोगशाळा त्याच्याच नावाचे द्रावण वापरतात. फार खोल घासले असेल तर मात्र हाही उपाय थकतो.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. ठसे कितीही असोत, शंभर वर्षांच्या पिस्तुलाला ते सुरक्षित ठरवत नाहीत. चाचणी त्या दिवसापुरती होती. त्यानंतरचा गंज, थकलेले पोलाद, परके भाग यांची हमी कोणताही मुकुट देत नाही.

वर्गात हे करायला पिस्तूल लागत नाही. साबणाची एक वडी, दोन-चार नाणी, एक चावी आणि एक चमचा पुरे. एका गटाने वडीवर नाण्यांचे आणि चावीचे ठसे ठरावीक क्रमाने उमटवावेत, मध्येच एकदा चमच्याच्या पाठीने पृष्ठभाग घासावा, एक ठसा दुसऱ्यावर थोडा चढवावा, एकावर आडवी रेघ मारावी. क्रम कागदावर लिहून शिक्षकांकडे द्यावा. दुसऱ्या गटाने भिंग घेऊन तो क्रम ओळखावा आणि प्रत्येक विधानापुढे कारण लिहावे. जे ठसे एकमेकांना शिवत नाहीत आणि सारखेच झिजलेले आहेत त्यांच्याबद्दल मुले काय लिहितात, तिकडे लक्ष ठेवा. 'यांचा क्रम सांगता येत नाही' असे लिहिणाऱ्या गटालाही पूर्ण गुण द्यावेत.